आतून लावलेली कडी

एप्रिलमधली दुपार, चार वाजलेले आणि नवा रायपूरचा बसथांबा. थांबा म्हणजे नुसती पाटी. ज्याने कोणी हे शहर आखलं त्याने रस्ते एवढे प्रशस्त ठेवले की पलीकडे जायचं तर शिदोरी बांधून निघावं. पण माणसाने बसची वाट कुठे उभं राहून पाहायची, हे तो साफ विसरला. सावली म्हणायची तर एकच होती, विजेच्या खांबाची. लांबलचक आणि वीतभर रुंद.

त्या सावलीत एक मुलगा आधीच उभा होता. पाठीवर बॅग, हातात फल्लीदाण्याची, म्हणजे भाजक्या शेंगदाण्यांची, पुडी. रुचिता ओढणी डोक्यावर ओढून उन्हातच थांबली. अनोळखी मुलाच्या सावलीत कशी जाणार...

"या न इकडे," तो म्हणाला. "एकामागं एक उभं राहिलं तर दोघं मावतो."

"लाइनीत?"

"शाळेतल्या प्रार्थनेसारखं. डोळे मिटायची गरज नाही."

ती हसू दाबत त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. बस पन्नास मिनिटांनी आली. तोवर सावली सरकत होती आणि हे दोघे तिच्यासोबत पाऊल-पाऊल सरकत होते. तो प्रशिक, भनपुरीचा. ती रुचिता, रेल्वे कॉलनीतल्या हिरालाल काकांची मुलगी. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलाखत देऊन दोघंही आत्ताच उतरले होते, आणि तीही एकाच जागेसाठी, हे कळल्यावर त्याने पुडी पुढे केली.

"घ्या, दुश्मन."

तिने अर्धे दाणे उचलले. पुढे दोघांनाही नोकरी लागली, आणि दुश्मनी काही जमली नाही.

ऑफिसात माणसं आठ आणि काम एकच: 'कडी' नावाचं निरोप पाठवायचं ॲप. घरातल्या माराला कंटाळून घर सोडलेल्या, लपून राहणाऱ्या बायकांसाठी झटणाऱ्या एका संस्थेने ते मागितलं होतं. निरोप लिहिणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद व्हायचा आणि ज्याला पाठवला त्याच्याच फोनमध्ये उघडायचा. मधल्या सर्व्हरला, म्हणजे खुद्द ऑफिसलाही, तो वाचता येत नसे. सात दिवसांनी तो दोन्हीकडून पुसला जाई. मालक गौतम सर सांगायचे, कुलूप बाहेरून लावतात, कडी आतून. आपण आतल्या बाईच्या हातात कडी देऊन राहिलो.

इथवर सगळं सोपं. भांडणं पुढे होती. रुचिताला सगळं बंद हवं होतं आणि प्रशिकला सगळीकडे एखादी फट हवी होती.

"फोन हरवतात, रुचिता. पाण्यात पडतात, चोरीले जातात. नवीन फोन घेतला म्हणून माणूस परका होते का?"

"अन् नवऱ्यानं तिच्या बहिणीचं सिम काढून आपल्या फोनमध्ये टाकलं तर? नंबर तोच, माणूस दुसरा."

"म्हणून खऱ्या माणसाले दारात उभं ठेवायचं?"

"हव. भेटून खूण पटेपर्यंत उभं ठेवायचं."

खूण पटवायची म्हणजे दोघांनी एकदा समोरासमोर येऊन फोनला फोन दाखवायचा. मग नावापुढे हिरवी खूण उमटे. बऱ्याच वादावादीनंतर तडजोड झाली. कोणी नव्या फोनवरून लिहिलं तर निरोप उघडणार नाही. घेणाऱ्याला पिवळी पट्टी दिसेल, 'या माणसाचा फोन बदलला आहे', आणि पाठवणाऱ्यालाही सरळ सांगितलं जाईल, 'निरोप पोचला नाही, आधी भेटून खूण पटवा.' हा शेवटचा भाग प्रशिकचा. त्यावर तो अडून बसला होता.

"दार उघडायचं नसेल तर नको उघडू," तो म्हणाला होता. "पण बाहेरच्याले सांगून दे न, की उघडत नाही म्हणून. ॲपनं खोटं बोलू नये."

ॲप तयार झाल्यावर पहिली खूण या दोघांनीच पटवली. फोनला फोन लावताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि हिरवी खूण उमटल्यावरही बराच वेळ कोणी फोन मागे घेतला नाही.

तेव्हापासून दिवसभर शेजारी बसून भांडायचं आणि संध्याकाळी कडीवर बोलायचं, असा शिरस्ताच पडला. ती सुरुवातीला त्याची परीक्षा घ्यायची.

'कशावरून तू प्रशिक? पहिल्या दिवशी तुझ्या हातात काय होतं?'

'फल्लीदाणे. अर्धे तूच खाल्ले.'

'पास.'

'पण रुचिता, सात दिवसांत सगळं पुसून जाते. उद्या नातवंडाईले काय दाखवू आपण?'

'कोणाच्या नातवंडाईले?'

'...जाऊ दे. सात दिवस आहेत तुझ्यापाशी. विचार कर.'

ती रात्रभर गालातल्या गालात हसत राहिली. उत्तर मात्र दिलं नाही. काही गोष्टी त्याने नीट, सरळ बोलाव्यात अशी तिची अपेक्षा होती. आणि त्याला वाटायचं, एवढं तर बोललो, आता तिने बोलावं.

वर्ष सरलं. जूनमध्ये प्रशिकला पुण्याला मोठी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी दोघं खांबापाशी उभे होते.

"थांब म्हणशील?" त्याने विचारलं.

तिच्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. पण एवढी शिकलेली, दुसऱ्याच्या कोडमधली चूक लांबून हेरणारी ही मुलगी म्हणाली काय, तर, "मी कायले थांबवू? चांगली नोकरी आहे. जा."

तो गेला. पण कडीवर बोलणं चालू होतं, आणि रोज संध्याकाळी त्याचा निरोप आला की तिला वाटे, आहे, अजून आहे.

ऑगस्टमध्ये सरलाचं प्रकरण झालं.

सरला नवऱ्याचं घर सोडून गावाबाहेर एका खोलीत राहत होती. पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. फक्त बहिणीशी, भावनाशी, ती कडीवर बोलायची. एक दिवस नवऱ्याने भावनाचं सिम काढून आपल्या फोनमध्ये घातलं आणि भावनाच्या नावाने सरलाला लिहिलं, 'कुठे आहेस? भेटायला येते.' कडीने ठरल्याप्रमाणे दार उघडलं नाही. सरलाला फक्त पिवळी पट्टी दिसली. ती घाबरून त्याच संध्याकाळी खोली सोडून पळाली. आणि नवऱ्याला कडीने प्रामाणिकपणे सांगितलं, 'निरोप पोचला नाही, आधी भेटून खूण पटवा.' आपण पकडले गेलो हे त्याला कळलं. मग त्याने सरळ भावनाचा हात पिरगाळला. पत्ता सांग म्हणून.

रुचिता दवाखान्यात भावनाला भेटायला गेली. मनगटाला प्लास्टर होतं.

"दीदी, ते ॲपनं त्याले सांगितलंच काहून?" भावनाने विचारलं. "पोचला म्हणून खोटं सांगितलं असतं, तर तो वाट पाहत बसला असता न."

रुचिता तिथून थेट ऑफिसात आली. त्या आठवड्यात तिने नवा नियम लिहिला. नव्या फोनवरून आलेला निरोप उघडायचा नाही. घेणाऱ्याला काहीच दाखवायचं नाही, पट्टी नाही, आवाज नाही. आणि पाठवणाऱ्याला दाखवायचं, 'पोचला'. सात दिवसांनी निरोप आपोआप पुसायचा. माणूस खरा असेल तर येईल भेटायला, आणि खूण पटवेल. रीतीप्रमाणे नियम आधी ऑफिसातल्यांच्या फोनवर आला, मग सगळ्यांच्या.

प्रशिकला तिने हे सांगितलं नाही. ऑफिस सोडून गेलेल्या माणसाला ॲपमधला बदल सांगायचा नाही, असा दंडक होता आणि तो दोघांनी मिळूनच घातला होता. पण खरं कारण वेगळं होतं. तिला लाज वाटत होती. ज्या एका गोष्टीवर तो अडून बसला होता, तीच तिने त्याच्या पाठीमागे मोडली होती. त्यामुळे ती तुटक लिहू लागली. हो, नाही, बरं.

'काहून अशी बोलून राहिली?' त्याने विचारलं. तिने 'काही नाही' एवढंच लिहिलं. मग त्याचा निरोप आला.

'मी आता काही दिवस लिहीत नाही. नीट विचार करून एकदाच लिहीन. तू पण नीट उत्तर दे. फोन करू नको. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेते.'

रुचिताने तो निरोप इतक्यांदा वाचला की सात दिवसांनी पुसला गेला तरी तिला तो पाठ होता. ती वाट पाहू लागली. आठवडा गेला. दुसरा गेला. सकाळी डोळे उघडताच हात फोनकडे जायचा. त्याच्या नावापुढे हिरवी खूण तशीच, आणि खाली रिकामं.

तिसऱ्या आठवड्यात तिने मनाची समजूत घातली. त्याने नीट विचार केला आणि न लिहायचं ठरवलं. ज्याने विचार करून गप्प राहायचं ठरवलं, त्याला काय विचारायचं? त्याचा फोन बदलला असेल, आपणच लिहिलेल्या नियमाआड तो उभा असेल, ही शंका जिला सगळ्यांत आधी यायला हवी होती, तिलाच ती आली नाही. नियम तिने वाईट माणसांसाठी लिहिला होता. प्रशिक त्यात कसा बसणार?

पुढचे महिने तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. डबा तसाच परत यायचा. आई, शेवंताबाई, विचारून विचारून थकल्या. "तब्येत ठीक आहे न गं?" "हो." "मग जेवून काहून नाही राहिली?"

जानेवारीत, एका रविवारी सकाळी, प्रशिक दारात उभा राहिला. हातात लग्नपत्रिकांची पिशवी.

"जय भीम, काका." तो हिरालाल काकांच्या पाया पडला. पत्रिका हातात देऊन म्हणाला, "सत्तावीस तारखेले आहे. सगळ्यांनी यायचं. मुलगी गोंदियाची, दीक्षा नाव आहे."

काकांनी पत्रिका डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचली. रुचिता उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. शब्द कानावर पडत होते आणि एकाचाही अर्थ लागत नव्हता. शेवंताबाई चहा टाकायला आत गेल्या. काकांना फोन आला. अंगणात पेरूच्या झाडापाशी दोघंच उरली.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"बरी. अभिनंदन."

तो थोडा वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

"एक विचारतो. राग नाही माझ्या मनात, खरंच नाही. फक्त... उत्तर, 'नाही' एवढं तरी लिहायचं होतं न, रुचिता. तुझा नकार मी घेतला असता. पण काहीच नाही?"

"कशाचं उत्तर?" ती म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण त्याने पुढचं वाक्य टाकलं.

"पुण्यात बसमध्ये फोन चोरीले गेला माझा. नवीन घेतला, कडी टाकली, पहिला निरोप तुले लिहिला. मले वाटलं, आता म्हणेल, आधी भेटून खूण पटवा. पण आलं 'पोचला'. एवढा खूश झालो मी... म्हटलं, रुचितानं माझ्यासाठी दार उघडं ठेवलं."

एका क्षणात रुचिताला सगळं समजलं, अगदी एकेका ओळीसह, कारण ती ओळ न् ओळ तिनेच लिहिली होती. सांगावं का? सत्तावीस तारीख बारा दिवसांवर होती. गोंदियात एक मुलगी हातावर मेंदी कोणती काढायची हे ठरवत असेल. आता सांगून कोणाचं भलं होणार?

"वाचला होता मी," ती म्हणाली. "उत्तर सुचलं नाही."

प्रशिकने मान वर केली. तिच्याकडे नीट पाहिलं. ती खोटं बोलताना उजवीकडे बघते, हे त्याला वर्षभर शेजारी बसून माहीत होतं.

"कशावरून?" त्याने हळूच विचारलं. "शेवटची ओळ काय होती?"

आत चहाची कपबशी वाजली.

"सांग न. वाचला होता न? शेवटची ओळ."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायला तिचा हात उठला नाही. मग तिने सगळं सांगितलं. सरला, भावना, प्लास्टर, नवा नियम. सांगताना एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"म्हणजे मले पोचला दिसला," तो म्हणाला, "अन् तुले..."

"मले काहीच नाही. मी तर वाटच पाहून राहिली होती."

पेरूवरचा एक पोपट उडून गेला.

"बहीण कशी आहे आता? हात?"

"जुळला. अन् सरला सुखरूप आहे. तिचा नवरा अजून लिहितो भावनाच्या नंबरावरून, सिम त्याच्यापाशीच आहे. पोचला दिसते त्याले. तो वाट पाहत बसते."

"मग बरोबर केलं तू," प्रशिक म्हणाला.

त्याने चिडायला हवं होतं. ओरडायला, दोष द्यायला हवा होता. बरोबर केलं, या शब्दांनी तिला पुरतं मोडून टाकलं.

"शेवटची ओळ काय होती?" तिने विचारलं.

"आता कायले..."

"सांग. नाही तर मी जन्मभर शोधत राहीन."

तो पेरूच्या बुंध्याकडे बघत म्हणाला, "शनिवारी साडेपाचच्या बसले मी आपल्या खांबापाशी उभा राहतो. आली तर कायमची थांब म्हणेन. नाही आली तर समजून जाईन."

"तू आला होता?"

"हव. ढग होते, सावली नव्हती. तरी खांबापाशीच उभा होतो. तीन बसा सोडल्या. मग तुमच्या ऑफिसची गाडी निघाली, गौतम सर चालवत होते. तू मागे काचेपाशी होती. मान खाली. मले वाटलं, मले पाहायचं नाही म्हणून खाली पाहून राहिली."

रुचिताला तो शनिवार आठवला. नवा नियम नीट चालतोय, सरला वाचली, म्हणून सर सगळ्यांना शहरात जिलेबी खायला घेऊन निघाले होते. गाडीत सगळे गात होते. आणि ती मान खाली घालून फोनमध्ये बघत होती, कडी उघडून, त्याच्या नावाखाली काही आलं का ते.

"मी तुझाच निरोप शोधत होती," ती म्हणाली. "प्रशिक, माझं प्रेम होतं तुझ्यावर. आहे. पहिल्या दिवसापासून."

हेच वाक्य त्या जूनमध्ये बोलली असती तर... प्रार्थनेत मिटतात तसे त्याने डोळे मिटून घेतले. पहिल्यांदाच.

"माझं पण," तो म्हणाला. "पण दीक्षाले मी शब्द दिला आहे. ती पोट्टी चांगली आहे, रुचिता. तिनं काय केलं?"

"काहीच नाही. तू शब्द मोडणारा असता तर माझा जीव जडलाच नसता."

शेवंताबाई चहा घेऊन आल्या. त्याने तो उभ्या उभ्या प्यायला, "येतो काकू" म्हणाला, पिशवी उचलली आणि फाटकापाशी थांबला. वाटलं, काही बोलेल. फाटकाची कडी त्याने बाहेरून हात घालून आतल्या बाजूने नीट लावली आणि तो उरलेल्या पत्रिका वाटायला निघून गेला.

सोमवारी ऑफिसात गौतम सरांनी तिला बोलावलं.

"तक्रारी येऊन राहिल्या, रुचिता. कोणाचा फोन बदलला, निरोप गेला नाही, अन् पोचला दाखवलं. लोकांची नाती तुटून राहिली म्हणतात. पाठवणाऱ्याले खरं सांगायचं का पुन्हा? जुन्यासारखं? तू म्हणशील तसं."

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. जुना नियम परत आणायला दोन ओळी बदलायच्या होत्या. तिला भावनाचं मनगट आठवलं. मग तीन बसा सोडून उभा असलेला प्रशिक आठवला. हे दोन्ही एका तागडीत घालायचं बळ तिच्यात नव्हतं, पण उत्तर ठाऊक होतं. तेच तिला सहन होत नव्हतं.

"नियम आहे तसाच राहू द्या, सर," ती म्हणाली.

साडेपाचला ती खाली उतरली. सूर्य मावळतीला टेकला होता आणि खांबाची सावली रस्ता ओलांडून पार पलीकडे गेली होती, रांगेने दहा माणसं मावतील एवढी. रुचिता तिच्यात जाऊन उभी राहिली, जरा मागे सरकून, पुढे एकाची जागा सोडून. बस आली. कंडक्टरने "चलो दीदी" म्हणून हाक मारली. तिने मान हलवली आणि ती बस सोडली. मग दुसरी सोडली. तिसरी येईपर्यंत सावली कुठे उरलीच नव्हती.